ड्रॉइंग हाच साचा: लेझर कटिंग कोकणातल्या छोट्या कारखान्याच्या काय कामाचं?

कोकणात अलीकडे बांधलेल्या बंगल्यांची फाटकं बघा. पूर्वी उभ्या सळ्या, वर भाले आणि मधोमध वेल्डिंगने जोडलेला ॐ एवढ्यावर भागायचं. आता अख्ख्या पत्र्यात वेलबुट्टी, मोर, नारळाची झाडं, क्वचित सगळा विठोबाच कोरलेला दिसतो. मालकाला विचारलं तर तो अभिमानाने सांगतो, "लेझरचं आहे!" गणपतीच्या मखरांचंही तेच. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि बाजारात एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, जाळीदार, घडी होणारी मखरं दिसू लागली. तीही लेझरनेच कापलेली.

पण फाटक आणि मखर ही या तंत्राची दर्शनी बाजू झाली. मिरजोळे, खडपोली किंवा कुडाळच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. "लेझर, लेझर सगळे म्हणतात, पण माझ्या धंद्यात त्याचा फायदा काय? आणि ते मशीन मला झेपेल का?" हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्याकडे ऑर्डर घेऊन जाणाऱ्या काजू कारखानदारासाठी आणि बोटमालकासाठीही.

प्रकाशाने लोखंड कसं कापतं?

बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो, एकाच दिशेने जातो आणि त्याच्या सगळ्या लहरी एकमेकींच्या तालात असतात. त्यामुळे भिंगातून नेला की तो अगदी बारीक ठिपक्यात गोळा होतो. कापण्याच्या मशीनमध्ये हा ठिपका साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. तीन किलोवॅट उष्णता तळहाताएवढ्या जागेवर पसरली तर पत्रा नुसता तापेल. तीच एवढ्याशा ठिपक्यावर ओतली की साधारण १५०० अंशांना वितळणारं पोलाद क्षणार्धात पातळ होतं.

यामागचं मूळ तत्त्व आइनस्टाइनने १९१७ मध्ये मांडलं. पहिला लेझर मात्र १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाचा स्फटिक वापरून तयार केला. नंतरची पायरी आपल्या जवळची आहे. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर बनवला. कारखान्यात राबेल एवढी ताकद त्यातूनच मिळाली. पुढची काही दशकं जगभर पत्रा कापणारी बहुतेक लेझर मशीनं याच जातीची होती. आपल्याकडच्या शाळांत हे नाव फारसं ऐकू येत नाही, ही खंत जाता जाता नोंदवतो.

वितळवतो प्रकाश, कापतो वायू

नुसतं वितळवून भागत नाही. पातळ झालेलं लोखंड तिथेच राहिलं तर थंड होऊन पुन्हा चिकटेल. म्हणून लेझर ज्या तोटीतून, म्हणजे नोझलमधून, बाहेर पडतो तिच्यातूनच वायूचा झोतही सोडतात आणि तो वितळलेला धातू खालून उडवून लावतो. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सिजनचा झोत जोडून लेझरने पोलादाचा पत्रा कापला गेला, आणि प्रयोगशाळेतलं हे तंत्र कारखान्याच्या वाटेला लागलं.

मशीन चालताना जवळून पाहिलं तर डोकं, म्हणजे भिंग आणि नोझल असलेला भाग, पत्र्याला टेकतच नाही. साधारण मिलिमीटरभर अंतर राखून ते वरून सरकत जातं, आणि पत्रा कुठे उचललेला असेल तर डोकंही तेवढं वर जातं. आधी एका जागी थांबून ते भोक पाडतं आणि मग रेघ धरतं. ठिणग्या खालच्या बाजूला झडतात. मागे उरते ती केसासारखी फट, पातळ पत्र्यात ०.१ ते ०.३ मिलिमीटरची. पातळ पत्र्यावर डोकं इतकं झरझर पळतं की नजर पुरत नाही. दहा मिलिमीटरच्या प्लेटवर तेच मशीन मिनिटाला जेमतेम मीटर-दीड मीटर जातं. कापलेले तुकडे उधळू नयेत म्हणून बारीकसे सांधे मुद्दाम राखतात. शेवटी हाताने टिचकी मारली की तुकडा सुटतो.

झोत कोणत्या वायूचा, यावर पुढचं बरंच काही ठरतं. साध्या लोखंडाला, म्हणजे एमएसला, ऑक्सिजन वापरला तर लोखंड स्वतःच जळू लागतं. त्या जळण्याची उष्णता लेझरच्या मदतीला येते, आणि कमी ताकदीच्या मशीनवरही जाड प्लेट कापता येते. पण कडेवर काळपट थर बसतो. नायट्रोजन काही जाळत नाही, नुसता जोराने धातू उडवतो. तो जास्त दाबाने आणि जास्त प्रमाणात लागतो, म्हणून महाग पडतो, पण कड चकचकीत येते. स्टेनलेस स्टील, म्हणजे एसएस, नायट्रोजनवरच कापावं. तिसरा पर्याय कॉम्प्रेसरच्या हवेचा. ती स्वस्त असते, आणि पातळ पत्र्याच्या बऱ्याच कामांना पुरते.

मखर कापणारं मशीन प्लेट कापेल का?

नाही. आणि हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. लाकूड, एमडीएफ आणि ॲक्रिलिकवर चालतो तो कुमार पटेल यांनी बनवला त्या प्रकारचा वायू लेझर. त्याच्या प्रकाशाची लहर १०.६ मायक्रॉन लांबीची असते, आणि लाकूड-ॲक्रिलिक ती छान शोषतात. धातूसाठी आता चालतो तो फायबर लेझर. त्यात प्रकाश काचेच्या बारीक तंतूतच तयार होतो आणि तंतूतूनच डोक्यापर्यंत येतो. त्याची लहर साधारण एक मायक्रॉनची असते. धातू ती जास्त शोषतात, पण ॲक्रिलिकमधून ती बरीचशी आरपार निघून जाते. फायबर लेझर वीजही बरीच कमी खातो. ओढलेल्या विजेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच प्रकाशात उतरतो. वायू लेझरमध्ये तो साधारण दहावा हिस्सा असतो. मशीन विकायला आलेला माणूस "यावर सगळं कापतं" म्हणाला, तर आधी त्याला लहरीची लांबी विचारा.

खरा फायदा वेगाचा नव्हे

जाहिरातीत वेग सांगतात, चकचकीत कड दाखवतात. ते खोटं नाही, पण कोकणातल्या छोट्या धंद्याला त्याहून मोठा फायदा दुसराच आहे.

मोदकाचा साचा घरात असला की एकसारखे शंभर मोदक पटापट पडतात, पण त्यातून करंजी निघत नाही. हाताने पाऱ्या करणारी बाई हवा तो आकार देते, आणि अकरा हवेत की एकवीस, याने तिला फरक पडत नाही. प्रेसवर पत्रा कापायचा तर पोलादाचा साचा, म्हणजे डाय, बनवावी लागते. तिचा खर्च आधी होतो, आणि हजारो नग काढले तरच तो नगामागे कमी पडतो. लेझरला डाय लागत नाही. संगणकावरचं ड्रॉइंग हाच त्याचा साचा. भोक दोन मिलिमीटर सरकवायचं असेल तर ते पडद्यावर सरकवायचं.

आता आपल्याकडच्या ऑर्डरी आठवा. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्याला कटिंग मशीनचे सहा पाट हवे असतात. आंबा प्रतवारीच्या टेबलाला चार बाजूपट्ट्या लागतात. कोकम वाळवणाऱ्याला भोकांच्या चाळीस ट्रे हव्या असतात. मिरकरवाड्यातल्या बोटमालकाला जाळं ओढणाऱ्या विंचचा तुटलेला ब्रॅकेट हवा असतो, एकच, आणि तोही जून-जुलैची मासेमारीबंदी उठायच्या आत. यातल्या एकाही कामाला डाय परवडत नाही. म्हणून आजवर हे सगळं खडूने आखून, गॅस कटरने कापून आणि ग्राइंडरने घासून व्हायचं. होत नव्हतं असं नाही. पण सहा पाटांतला तिसरा पाचव्याच्या जागी बसत नसे, आणि पुढच्या वर्षी तोच पाट पुन्हा हवा असला तर जुना काढून, त्याभोवती पेन्सिल फिरवून नवा आखावा लागे. ड्रॉइंग एकदा नीट झालं की पुढच्या वर्षीचा पाट याच वर्षीच्या पाटासारखा येतो. हंगाम तोंडावर असताना याची किंमत काय, ते काजूवाल्याला सांगायला नको.

दुसरा फायदा जोडकामाचा. पातळ पत्र्यात लेझरची अचूकता साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी मिळते. त्यामुळे एका तुकड्याला जीभ आणि दुसऱ्याला खाच अशी योजना करता येते. जीभ खाचेत बसली की तुकडा आपोआप काटकोनात आणि बरोबर जागी उभा राहतो. वेल्डरला गुण्या लावून, टॅक (तात्पुरता टाका) मारून, पुन्हा मोजून बसावं लागत नाही. वाकवायची रेघसुद्धा पत्र्यावर हलकी आखून मिळते. माझ्या मते फॅब्रिकेटरचा खरा पैसा इथे वाचतो. कापण्याचे तास तसे थोडेच असतात. जास्त तास जातात ते जुळवण्यात.

तिसरा फायदा मालाचा. पत्र्यावर तुकडे असे मांडायचे की भंगार कमीत कमी उरेल, याला नेस्टिंग म्हणतात आणि ते सॉफ्टवेअर करतं. कोपऱ्यात जागा उरली तर तिथे दुसऱ्याच कामाचे वॉशर बसवता येतात. एसएसच्या महाग पत्र्यात याने बराच फरक पडतो.

मग जुनी कातरी, गॅस कटर भंगारात घालायचे?

मुळीच नाही. सरळ रेघेत पट्ट्या पाडायच्या असतील तर शिअरिंग मशीन स्वस्त पडतं आणि पटकन काम करतं. चाळीस-पन्नास मिलिमीटरची एमएस प्लेट कापायची असेल तर गॅस कटिंगच घ्या. मधल्या जाडीला, आणि जिथे कड थोडी तिरकी आली तरी चालते तिथे, प्लाझ्मा, म्हणजे विजेने तापवलेल्या वायूच्या झोताने कापणं, परवडतो. एकाच आकाराचे लाखभर नग हवे असतील तर प्रेस आणि डायच ठीक. उष्णता अजिबात चालत नसेल तर पाण्याच्या झोताने कापणारं मशीन असतं.

लेझरच्याही मर्यादा आहेत. जाड प्लेटमध्ये तिच्या जाडीहून लहान भोक नीट येत नाही, ते नंतर ड्रिल करावं. लेझर भोकात आटे पाडत नाही, त्यासाठी टॅपच लागतो. आणि तांबं, पितळ, ॲल्युमिनियम हे चकचकीत धातू प्रकाश परत फेकतात. आजच्या फायबर मशीनना ते बरंच जमतं, पण मशीन कमी ताकदीचं असेल तर काम देण्याआधी चालकालाच विचारून घ्या.

खारी हवा आणि कापलेली कड

लेझर कटिंगवरच्या बहुतेक लिखाणात ही गोष्ट सापडत नाही, कारण ते लिहिणारे समुद्रापासून लांब राहतात. किनाऱ्यालगतच्या गावातल्या लेझरच्या फाटकाला दोन पावसाळे लागू द्या आणि मग त्या वेलबुट्टीजवळ डोळे नेऊन बघा. सपाट पत्र्यावरचा रंग शाबूत असतो. गंज असतो तो नक्षीच्या आतल्या कोपऱ्यांत आणि मोराच्या पिसांच्या कडेला. तिथून तांबडे ओघळ खाली उतरलेले असतात. नख लावलं की कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्याच्या मागे काळा थर चिकटलेला दिसतो.

तो काळा थर ऑक्सिजनने कापतानाचा. तो लोखंडाला घट्ट धरून नसतो. त्याच्यावर पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीच्या रंगाचा भाजलेला लेप, केलं तर रंग थराला धरतो, थर लोखंड सोडतो आणि दोन्ही मिळून पडतात. शिवाय कड धारदार असल्यामुळे तिथे रंगाचा लेप मुळातच पातळ बसतो. खारी हवा बरोबर तिथून आत शिरते. मालक लेझरला नावं ठेवतो. चूक असते ती कापल्यानंतरच्या कामातली.

उपाय कठीण नाही. शक्य असेल तर नायट्रोजनवर किंवा हवेवर कापून घ्या. ऑक्सिजनवरच कापायचं असेल तर रंगाआधी कड घासून किंवा ॲसिडने तो थर काढायलाच हवा. दोन्ही बाबतीत धार मोडून कड किंचित गोलसर करून घ्या. बारीक नक्षीत घासायला हात पोचत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या घरासाठी नक्षीच थोडी मोकळी निवडावी, असं मी सांगेन. ऐकणारे कमी भेटतात.

जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा कापला की कडेला जस्त उरत नाही. पातळ पत्र्यात शेजारचं जस्त कडेला थोडंफार सांभाळतं, जाड पत्र्यात तेवढं सांभाळत नाही. आधी कापून, कड साफ करून नंतर जस्ताचा मुलामा देणं किनाऱ्यावर जास्त टिकतं. एसएसचं म्हणाल तर ३०४ ग्रेडवर समुद्राकाठी चहाच्या रंगाचे डाग पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. बोटीवरच्या आणि बंदरातल्या कामाला ३१६ च मागा. काजू कारखान्याच्या आतल्या ट्रेला ३०४ सहसा पुरतं.

मशीन विकत घ्यावं का?

घाई करू नका, असंच माझं मत. मशीनची किंमत हा एक भाग झाला. लेझरच्या स्रोताला थंड पाणी पुरवणारा चिलर लागतो, आणि आपल्या हवेत ते पाणी जरा जास्त गार झालं की आतल्या भागांवर दव धरतं. भिंगावर दव किंवा तेलाचा कण बसला की भिंग जळतं. म्हणून स्रोताच्या कपाटाला वातानुकूलन हवं आणि कॉम्प्रेसरच्या हवेला ड्रायर हवा, पावसाळ्यात तर नक्कीच. विजेचा दाब खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर आला. जांभ्याच्या सड्यावर चांगलं अर्थिंग मिळवणं हे आणखी वेगळं दुखणं. सिलिंडर, नोझल, भिंगाच्या काचा यांचा साठा ठेवावा लागतो. दुरुस्तीचा माणूस पुण्या-मुंबईहून येईपर्यंत मशीन उभं राहतं. हे सगळं तेव्हाच वसूल होतं, जेव्हा मशीन दिवसातले बरेच तास चालतं.

तोवर जॉबवर्क बरं. जॉबवर्क म्हणजे ड्रॉइंग आपलं, मशीन दुसऱ्याचं. जवळपास कुणी नसलं तर कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, नाहीतर नवी मुंबईजवळच्या तळोज्यात काम देता येतं. हिशोब बहुधा कापलेल्या लांबीवर आणि पाडलेल्या भोकांवर किंवा मशीनच्या वेळेवर होतो, माल वेगळा. घाट ओलांडून पत्रा आणायचा तर भाडं पडणारच, म्हणून दोन-चार जणांनी ऑर्डरी एकत्र पाठवाव्यात. पावसात आंबा घाटात दरड आली की गाडी अडकते, तेव्हा गणपतीआधीचं काम मे महिन्यातच उरकलेलं चांगलं. वर्षभर जॉबवर्कची बिलं जपून ठेवा. मशीन घ्यायचं की नाही, याचं उत्तर त्या बिलांच्या बेरजेतून निघेल. विक्रेत्याच्या कॅलक्युलेटरवरून नाही.

हातांचं काम जाईल?

काही जाईल. खडूने आखून दिवसभर गॅस कटर धरणाऱ्याची गरज कमी होईल, ते लपवण्यात अर्थ नाही. पण कापलेला पत्रा वाकवायचा, वेल्ड करायचा, घासायचा, रंगवायचा असतोच. नवं काम उभं राहतं ते ड्रॉइंगचं. संगणकावर ड्रॉइंग करणारा, आणि पत्रा वाकताना किती ताणतो ते डोक्यात धरून माप कमी-जास्त करणारा मुलगा हल्ली लवकर मिळत नाही. आयटीआयमधून येणाऱ्यांनी याकडे बघावं.

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांची काळजी काही जण करतात. लेझर सपाट फळीतून आकार कापतो. ती फळं लेथवर गोल फिरवून घडतात आणि मग हाताने रंगतात. लेझरचा धोका असेल तर तो सपाट कोड्यांना आणि नावाच्या पाट्यांना.

डोळे आणि धूर

फायबर लेझरचा प्रकाश दिसत नाही. तो बुबुळातून थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो, आणि इजा झाल्यावरच कळतं. त्याची परावर्तित तिरीपही पुरते. म्हणून मशीन बंदिस्त असावं आणि त्याची काच त्याच लहरीसाठी बनवलेली असावी. वेल्डिंगचा चष्मा इथे चालत नाही. स्वस्त म्हणून येणारी उघडी मशीनं मी माझ्या ओळखीच्या कुणाला घेऊ देणार नाही. धूर ओढून बाहेर काढणारी यंत्रणा हवी. जीआयचा धूर छातीत गेला तर थंडी-ताप भरतो. पीव्हीसी तर कोणत्याच लेझरवर घालायचं नाही. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसालाही खातो आणि मशीनलाही.

पहिलं काम देताना

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "असं कापून द्या" म्हणू नका. डीएक्सएफ फाइल, म्हणजे मशीनला वाचता येईल असं संगणकावरचं ड्रॉइंग, द्या, आणि तिच्यासोबत मापांचं ड्रॉइंगही द्या. फाइल मिलिमीटरऐवजी इंचात उघडली तर त्यावरून लगेच लक्षात येतं. पत्र्याचा ग्रेड आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, कारण गेज (जाडीचा ठरावीक नंबर) सांगितलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आकडा असतो. वायू कोणता, हे आधी बोलून घ्या. भोकात कोणता बोल्ट जाणार ते लिहिलंत तर चालक स्वतःच मोकळीक किती ठेवायची ते सुचवेल. आधी एकच नग कापून, जागेवर बसवून बघा आणि मगच बाकीचे सांगा. आणि पत्र्याची दर्शनी बाजू कोणती तेही लिहा, कारण खालच्या बाजूला मशीनच्या पट्ट्यांचे ओरखडे आणि ठिणग्यांचे ठिपके पडतात.